पाठीवरची चूल : गिरिभ्रमणासाठी गॅसचा सुटसुटीत स्टोव्ह

पावसाळा सरत आला की सह्याद्रीच्या वाटा पुन्हा गजबजू लागतात. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार, कचेऱ्यांतील कर्मचारी आणि अलीकडे तर संपूर्ण कुटुंबेच्या कुटुंबे पाठीवर सॅक बांधून हरिश्चंद्रगड, राजगड, रतनगड, साल्हेर अशा दुर्गांची वाट धरतात. गडावरील मुक्काम म्हटला की अन्नाचा प्रश्न आलाच. दिवसभराची चढण चढून थकलेल्या माणसाला गरम चहाचा एक पेला आणि वाफाळलेल्या खिचडीचे चार घास मिळाले म्हणजे त्याला नवी उभारी येते. पूर्वी हा प्रश्न तीन दगडांच्या चुलीवर सुटत असे. आता मात्र अनेक कारणांनी ही चूल मागे पडली आहे आणि तिची जागा मुठीत मावणाऱ्या गॅसच्या स्टोव्हने घेतली आहे. हे साधन सोयीचे खरे, परंतु त्याची निवड व वापर यांसंबंधी पुरेशी माहिती नसल्यामुळे गैरसोय होते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. यास्तव या स्टोव्हची रचना, त्याचे प्रकार, इंधनाचा हिशेब आणि वापरातील दक्षता यांचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

तीन दगडांची चूल का नको?

उघड्यावर पेटविलेल्या चुलीत लाकडातील उष्णतेचा फार थोडा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो. बहुतेक उष्णता वाऱ्यावर निघून जाते. एक लिटर पाणी उकळण्यासाठी चांगले वाळलेले लाकूडही पाव किलोच्या आसपास लागते, आणि ओलसर लाकडाला तर मोजमापच राहत नाही. एका तुकडीच्या दृष्टीने हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण एकाच गडाच्या माथ्यावर हंगामात दर आठवड्याला शेकडो माणसे मुक्काम करू लागली की माथ्यावरची विरळ झाडी काही वर्षांतच ओरबाडली जाते. जमिनीवर पडलेले वाळके लाकूड निरुपयोगी असते हा समजही खरा नाही. ते कुजून माती होते, त्याच्या आश्रयाने कीटक, सरडे व पक्षी जगतात, आणि पायथ्याच्या गावातील स्त्रियांचे सरपणही त्यातूनच गोळा होते.

दुसरा धोका वणव्याचा. माघ-फाल्गुनापासून सह्याद्रीतील गवत वाळून कोळ होते. निष्काळजीपणे सोडलेल्या चुलीतील एक ठिणगी संपूर्ण डोंगरउतार काळा करू शकते. म्हणूनच १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वये राखीव वनात आग लावणे किंवा आग पेटती सोडणे हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास मनाई केली आहे. पुरातत्त्वीय नियमांनुसार केंद्र संरक्षित स्मारकांत ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र स्वयंपाक करता येत नाही. २०२५ साली राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी, लोहगड यांसह महाराष्ट्रातील ११ आणि तामिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. शेकडो वर्षांच्या लेण्यांच्या आणि दरवाजांच्या दगडांवर धुराची काजळी चढविणे हे या वारशाला शोभणारे नाही. गॅसचा स्टोव्ह धूर करीत नाही, राख ठेवीत नाही. तथापि स्वयंपाकाची मनाई ही केवळ लाकडाच्या चुलीपुरती नसते, हे ध्यानात ठेवून जेथे मनाई असेल तेथे स्टोव्हही पेटवू नये.

प्रायमसपासून गॅसच्या डबीपर्यंत

प्रवासी स्टोव्हचा इतिहास मराठी घरांना परक्याचा वाटणार नाही. १८९२ च्या सुमारास स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबावर चालणारा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनविला. पंप मारून आणि पिन घालून पेटवायचा हा ‘प्रायमस’ पुढे घराघरांत पोहोचला. १९११ साली दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनच्या तुकडीने आणि १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेनेही अशाच स्टोव्हवर बर्फ वितळविला. सह्याद्रीतील जुन्या गिरिभ्रमण मंडळांच्या सामानातही पितळी स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा असेच. त्या स्टोव्हचे वजन, तेल सांडण्याची भीती आणि अलीकडे रॉकेल मिळण्यातील अडचण यांमुळे तो मागे पडला. दाबाखाली द्रवरूप केलेला वायू पातळ पत्र्याच्या डबीत भरण्याचे तंत्र रूढ झाल्यावर पंप, पिन आणि स्पिरिट या तिन्हींची गरज संपली.

डबीत काय असते?

या डबीत ब्यूटेन, आयसोब्यूटेन आणि प्रोपेन या वायूंपैकी एक किंवा त्यांचे मिश्रण असते. स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्येही याच कुळातील वायू असतात. दाबाखाली ते द्रवरूप राहतात. झडप उघडली की वरच्या पोकळीतील वायू बाहेर पडतो आणि खालचा द्रव उकळून त्याची जागा भरून काढतो. म्हणजेच स्टोव्ह चालण्यासाठी डबीतील द्रव उकळत राहिला पाहिजे. हे तत्त्व समजले की या स्टोव्हचे सारे गुणदोष समजतात.

समुद्रसपाटीवर साधे ब्यूटेन उणे अर्ध्या अंश सेल्सियसला उकळते, आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास, आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. साहजिकच गोठणबिंदूजवळच्या थंडीत केवळ ब्यूटेनची डबी जवळजवळ मुकी होते, तर आयसोब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण काम देत राहते. सह्याद्रीत हिवाळ्याच्या पहाटेही तापमान सहसा पाच अंशांच्या खाली फारसे जात नसल्यामुळे येथे साध्या ब्यूटेनवरही भागते, मात्र ज्योत मंद होते. हिमालयात जावयाचे असल्यास मिश्र वायूचीच डबी घ्यावी.

बाजारात तीन तऱ्हेच्या डब्या आढळतात. पहिली, माथ्यावर आट्यांची झडप असलेली बसकी, घुमटाकार डबी. युरोपीय मानक ईएन ४१७ प्रमाणे बनलेल्या अशा डबीवर निरनिराळ्या उत्पादकांचे आट्यांचे स्टोव्ह बसतात, आणि स्टोव्ह काढला की झडप आपोआप बंद होते. सुमारे १००, २३० व ४५० ग्रॅम गॅसच्या डब्या प्रचलित आहेत. दुसरी, लांब तोंडाची उंच डबी. ही सुमारे सव्वादोनशे ग्रॅमची असते, पेटीसारख्या टेबल-स्टोव्हसाठी वापरतात आणि शहरांतून स्वस्तात मिळते. तिच्यात बहुधा ब्यूटेन असते. तिसरी, भोसकून बसवायची डबी. ही एकदा स्टोव्हला जोडली की संपेपर्यंत काढता येत नाही, म्हणून पाठीवरच्या प्रवासास ती गैरसोयीची व जोखमीची ठरते. गिरिभ्रमणासाठी पहिला प्रकार सर्वांत योग्य होय. लांब तोंडाची डबी जोडतुकड्याच्या साहाय्याने आट्यांच्या स्टोव्हला लावता येते. परंतु प्रत्येक जादा सांधा ही गळतीची एक जादा जागा असते, हे विसरू नये. टेबल-स्टोव्हमध्ये अशी डबी आडवी ठेवताना तिच्या कडेवरील खाच वरच्या बाजूस आली पाहिजे. अन्यथा वायूऐवजी द्रव बाहेर येऊन भडका उडतो.

स्टोव्हचे तीन प्रकार

डबीच्या माथ्यावरच बसणारा स्टोव्ह हा सर्वांत लहान. त्याचे वजन २५ ते १०० ग्रॅम असते आणि घडी घातली की तो मुठीत मावतो. एकट्यादुकट्या प्रवाशास व एक लिटरपर्यंतच्या भांड्यास तो उत्तम. त्याचा दोष म्हणजे उंची. डबी, तिच्यावर स्टोव्ह आणि त्यावर भांडे असा मनोरा उभा राहतो, आणि कातळावरच्या उतारावर तो सहज कलंडतो. डबीच्या बुडाला लावायची प्लास्टिकची तिवई घेतल्यास तोल बराच सुधारतो.

दुसरा प्रकार नळीने जोडलेल्या स्टोव्हचा. यात बर्नर स्वतःच्या पायांवर जमिनीलगत बसतो आणि डबी हातभर दूर राहते. वजन १५० ते ३०० ग्रॅमच्या घरात जाते, परंतु दोन-तीन लिटरचे पातेले त्यावर निर्धास्त ठेवता येते आणि भोवती वाऱ्याचा आडोसाही उभारता येतो. ज्या स्टोव्हची नळी बर्नरच्या ज्योतीतून फिरवून आणलेली असते त्यात कडक थंडीत डबी उलटी ठेवून द्रवरूप गॅस वापरता येतो. ही सोय नसलेल्या स्टोव्हवर डबी कधीही उलटी करू नये.

तिसरा प्रकार भांडे व स्टोव्ह यांच्या जोडसंचाचा. त्यातील भांड्याच्या बुडाला धातूच्या पन्हळी पट्ट्या असतात. त्या ज्योतीची उष्णता अधिक प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे पाणी लवकर उकळते आणि गॅस वाचतो. चहा, सूप किंवा उकळते पाणी ओतून होणारे पदार्थ यांसाठी तो सोयीचा. मात्र किंमत अधिक, आणि फोडणी देणे, परतणे, भाकरी शेकणे ही कामे त्यावर नीट होत नाहीत.

निवड करताना केवळ ज्योतीच्या जोराकडे पाहू नये. आपल्या स्वयंपाकात पिठले, खिचडी, उपमा असे मंद आचेचे पदार्थ अधिक असतात. म्हणून ज्योत बारीक करता येते काय, हे दुकानातच विचारून घ्यावे. भांड्याचे पाय पुरेसे रुंद व खरखरीत आहेत, झडपेची कळ भांड्याखालून हाताला पोळू न देता फिरविता येते, आणि जोडाच्या ठिकाणी रबरी कडे अखंड आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात. बटण दाबून ठिणगी पाडण्याची सोय दमट हवेत व उंचीवर दगा देते, तेव्हा आगपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेहमी सोबत ठेवावी.

एक ते दोन माणसांस डबीवरचा स्टोव्ह, तीन ते सहा माणसांस नळीचा स्टोव्ह, असा स्थूल नियम सांगता येईल. पंचवीस-तीस जणांच्या सहलीसाठी मात्र यांपैकी कोणताही पुरा पडत नाही. अशा तुकड्यांनी पायथ्याच्या गावातील कुटुंबांकडे जेवणाची व्यवस्था सोपवावी हे उत्तम. गरम भाकरी-पिठल्याचे जेवण मिळते, पाठीवरचे ओझे कमी होते, आणि डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या माणसांच्या हाती चार पैसे पडतात.

गॅस किती न्यावा?

हा प्रश्न अंदाजाने न सोडविता हिशेबाने सोडवावा. एक लिटर पाण्याचे तापमान २० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम गॅसपासून सुमारे ४५ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे सारी उष्णता भांड्यात गेली असती तर साडेसात ग्रॅम गॅस पुरला असता. प्रत्यक्षात निम्मी उष्णता वाया जाते, म्हणून दर लिटरला १५ ग्रॅम हे प्रमाण धरावे. मंद आचेवर स्टोव्ह तासाला सुमारे ६० ग्रॅम गॅस जाळतो; पूर्ण ज्योतीवर हेच प्रमाण २०० ग्रॅमच्या वर जाते.

चार माणसांचा एका रात्रीचा मुक्काम घेऊ. संध्याकाळचा व सकाळचा चहा मिळून १२०० मिलिलिटर, रात्रीच्या खिचडीसाठी दोन लिटर, सकाळच्या उपम्यासाठी एक लिटर, असे एकूण ४.२ लिटर पाणी उकळावे लागेल. त्यासाठी ६३ ग्रॅम गॅस. खिचडी व उपमा शिजण्यासाठी मंद आचेची २० मिनिटे धरली तर आणखी २० ग्रॅम. बेरीज ८३ ग्रॅम. वारा व थंडी यांसाठी चौथा हिस्सा वाढविला की ती १०४ ग्रॅमवर जाते. याचा अर्थ, १०० ग्रॅमची डबी अपुरी पडेल आणि २३० ग्रॅमची डबी निश्चिंतपणे दोन रात्री पुरेल.

पिण्याचे सर्व पाणी उकळायचे ठरविल्यास हा हिशेब कोलमडतो. चार माणसांना दिवसाला बारा-चौदा लिटर पाणी लागते आणि ते उकळण्यातच दोनशे ग्रॅम गॅस संपेल. टाक्यातील पाणी गाळून क्लोरीनच्या गोळ्यांनी निर्जंतुक करणे हे त्यापेक्षा काटकसरीचे आहे. उकळायचेच असेल तर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे द्यावीत.

अर्धवट वापरलेल्या डबीत किती गॅस उरला आहे हे ओळखण्याची सोपी रीत आहे. नवी डबी पाण्यात तरंगवून पाण्याची पातळी खुणेने नोंदवावी. वापरलेली डबी जितकी वर तरंगेल तितका गॅस कमी. घरी वजनकाटा असल्यास भरलेल्या डबीचे वजन प्रवासाला निघण्यापूर्वी तिच्यावरच लिहून ठेवावे.

वारा, थंडी आणि उंची

गॅसचा सर्वांत मोठा शत्रू वारा. झुळूक जोराची असली तर ज्योत भांड्याखालून निसटते, आणि दहा मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. म्हणून तटाचा, कातळाचा किंवा दगडी भिंतीचा आडोसा शोधावा आणि भांड्यावर झाकण ठेवावे. परंतु डबीवरच बसणाऱ्या स्टोव्हभोवती पत्र्याचा आडोसा चहूबाजूंनी गुंडाळणे अत्यंत धोक्याचे आहे. आतील उष्णता डबीकडे परावर्तित होते, डबीतील दाब वाढतो आणि ती फुटू शकते. अशा स्टोव्हवर डबीपेक्षा फार रुंद तवा किंवा पातेले दीर्घकाळ ठेवल्यानेही हाच धोका संभवतो. मधून मधून डबीला हात लावून पाहावा. ती थंड किंवा कोमट लागावी. हाताला चटका जाणवल्यास स्टोव्ह तत्काळ बंद करावा.

गॅस बाहेर पडत असताना डबी स्वतः थंड होत जाते, कारण द्रवाला उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो डबीतूनच घेतो. त्यामुळे थंडीत सुरुवातीला जोमाने जळणारा स्टोव्ह काही मिनिटांनी मंदावतो. मिश्र वायूच्या डबीतून प्रोपेन अधिक प्रमाणात आधी निघून जाते, म्हणून शेवटचा चौथा हिस्सा थंडीत रडतखडत जळतो. यावर उपाय म्हणजे रात्री डबी झोपण्याच्या पिशवीत घेऊन निजणे, स्वयंपाकाच्या वेळी ती थंड दगडावर न ठेवता चटईच्या तुकड्यावर ठेवणे, आणि फारच गरज पडली तर उथळ भांड्यातील कोमट पाण्यात उभी करणे. डबी ज्योतीवर किंवा शेकोटीजवळ तापविण्याचा विचारही मनात आणू नये.

उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. दर तीनशे मीटरना पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी ९४ ते ९५ अंशांना उकळते, आणि साडेतीन हजार मीटरवरील लेह येथे ८८ अंशांच्या आसपास. पाणी लवकर उकळल्यासारखे दिसते, पण डाळ-तांदूळ शिजायला अधिक वेळ लागतो. उंचीचा गॅसला थोडा लाभही होतो. तीन हजार मीटरवर हवेचा दाब इतका कमी असतो की ब्यूटेन उणे १० अंशांपर्यंत उकळू शकते. मात्र तेथील थंडीही तितकीच वाढलेली असल्याने हा लाभ फारसा हाती लागत नाही. बर्फ वितळवून पाणी करावयाचे असल्यास गॅस दुप्पट धरावा, आणि भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी घालावे. नाहीतर भांडे करपते.

जिवावर बेतणारे तीन धोके

पहिला धोका गळतीचा. डबी जोडण्यापूर्वी स्टोव्हची कळ बंद आहे, रबरी कडे जागेवर आहे आणि आट्यांत माती नाही, हे पाहावे. डबी सरळ धरून हाताने घट्ट होईल इतकेच फिरवावे; पक्कड लावू नये. जोडताना क्षणभर फुस्स असा आवाज होतो, तो थांबला पाहिजे. शंका आल्यास जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तंबूच्या तळाशी किंवा खळग्यात साठून राहतो. म्हणून डबी बदलण्याचे काम नेहमी उघड्यावर आणि दिवा, विडी, शेकोटी यांपासून दूर करावे. पेटविताना आधी काडी ओढावी, मग कळ किंचित उघडावी, आणि चेहरा स्टोव्हवर वाकवू नये.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद तंबूत किंवा कोंदट गुहेत स्टोव्ह पेटविला की प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. डोके दुखणे, मळमळणे, पेंगुळणे ही त्याची लक्षणे चढणीच्या थकव्यासारखीच असतात, त्यामुळे माणूस सावध न होता झोपी जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे एका निवासगृहाच्या बंद खोलीत गॅसवरील शेगडी लावून झोपलेल्या केरळमधील आठ पर्यटकांचा अशाच रीतीने मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. ऊब मिळविण्यासाठी तंबूत स्टोव्ह लावणे सर्वथा वर्ज्य होय. बाहेर धो-धो पाऊस कोसळत असला तरी स्वयंपाक तंबूच्या दाराबाहेर, छत्राखाली, वारा खेळता ठेवून करावा. कोणास अशी लक्षणे दिसताच त्यास मोकळ्या हवेत आणून वैद्यकीय मदत मिळवावी.

तिसरा धोका डबी पुन्हा भरण्याचा. पैसे वाचविण्यासाठी घरगुती सिलिंडरमधून या डब्या भरून घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. या डब्या एकदाच वापरण्यासाठी बनविलेल्या असतात. घरगुती गॅसमधील प्रोपेनचे प्रमाण निराळे असल्यामुळे दाब डबीच्या क्षमतेबाहेर जाऊ शकतो. शिवाय द्रव प्रसरण पावण्यासाठी आत मोकळी जागा राखावी लागते, आणि ती राहिली की नाही हे बाहेरून कळत नाही. अशी भरलेली डबी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे होय.

प्रवासात डबी कशी न्यावी?

या बाबतीत गिरिभ्रमण करणाऱ्यांमध्ये मोठे अज्ञान आढळते. विमानात गॅसची डबी हातातील किंवा सोपविलेल्या अशा कोणत्याही सामानातून नेता येत नाही. आगगाडीतही तिला मनाई आहे, आणि यात कसारा किंवा कर्जतला जाणारी उपनगरी गाडीही आली. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ अन्वये धोकादायक पदार्थ अनधिकृतपणे नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा नियम कागदोपत्री नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या यात्रेकरूंच्या खास डब्यात चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांना प्राण गमवावे लागले. एस.टी. बसमध्येही ज्वालाग्राही पदार्थ नेऊ नयेत.

तेव्हा रेल्वेने किंवा विमानाने जाणाऱ्यांनी स्टोव्ह तेवढा सोबत न्यावा आणि डबी मुक्कामाच्या शहरात विकत घ्यावी. मनाली, लेह, उत्तरकाशी अशा ठिकाणी गिर्यारोहण साहित्याची दुकाने आहेत. आट्यांच्या डबीचा स्टोव्ह घेण्याचा हाही एक फायदा, की तशी डबी बहुतेक ठिकाणी उपलब्ध होते. सह्याद्रीत रेल्वेने जाऊन एका रात्रीचा मुक्काम करावयाचा असेल तर कोरडा शिधा नेणे किंवा गावात जेवण घेणे हा मार्ग बरा. खाजगी वाहनातून डबी नेताना ती स्टोव्हपासून अलग करून, टोपण लावून, उन्हापासून दूर ठेवावी.

काटकसरीचा शिधा

कमी गॅसवर पोटभर जेवण करावयाचे तर तयारी घरीच सुरू व्हावी. आपल्या परंपरेत प्रवासाचा शिधा पूर्वीपासून आहे. भाजलेल्या रव्यात फोडणी घालून तयार केलेला कोरडा उपमा उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत होतो. मेतकूट, सातूचे पीठ, दडपे पोहे यांना तर विस्तवही लागत नाही. पिठल्यासाठी मीठ, तिखट, हळद, जिरे घालून ठेवलेले बेसन सोबत असले की दहा मिनिटांत काम होते. तूरडाळीऐवजी मुगाची डाळ न्यावी, कारण ती लवकर शिजते. तांदूळ व डाळ भांड्यात घेऊन चढण संपल्यावर तासभर भिजत घातल्यास गॅस आणखी वाचतो.

खिचडीला चांगली उकळी येऊन पाच-सात मिनिटे शिजली की स्टोव्ह बंद करावा, झाकण घट्ट लावून भांडे टॉवेल किंवा लोकरी कपड्यात गुंडाळावे आणि वीस मिनिटे हात लावू नये. राहिलेले शिजण्याचे काम आतली वाफ पूर्ण करते. मंद आचेवर उभे राहून जाळावा लागणारा गॅस त्यामुळे निम्म्याहून कमी होतो. चहासाठी लागेल तेवढेच पाणी मोजून घ्यावे. कांदे, बटाटे व टोमॅटो घरी चिरून नेल्यास सालींचा कचराही गडावर पडत नाही.

रिकाम्या डब्यांचे काय?

गडांच्या टाक्यांत आणि झुडपांत पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या जोडीला आता रिकाम्या गॅसच्या डब्याही दिसू लागल्या आहेत. पत्र्याची डबी गंजून जाण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तिच्यात उरलेला थोडासा गॅस वणव्यात स्फोट घडवू शकतो. गुराख्यांची मुले कुतूहलाने अशी डबी विस्तवात टाकतील, तर अनर्थ ओढवेल. म्हणून प्रत्येक डबी परत घरी आणलीच पाहिजे. घरी आल्यावर मोकळ्या जागेत स्टोव्ह लावून उरलासुरला गॅस जाळून टाकावा, दुसऱ्या दिवशी झडप उघडून आत काहीच नाही याची खात्री करावी, आणि मगच उघड्यावर, विस्तवापासून दूर, तिला भोक पाडून भंगारात द्यावी. पोलादी पत्रा पुन्हा वितळविला जातो, त्यामुळे भंगारवाला ती आनंदाने घेतो.

सहलीचे आयोजन करणाऱ्या संस्थांवर याबाबत विशेष जबाबदारी आहे. तुकडीसोबत किती डब्या गेल्या आणि किती परत आल्या याची नोंद ठेवणे, स्टोव्ह हाताळण्याचे काम एका माहीतगार सदस्याकडे सोपविणे, आणि नवख्यांना निघण्यापूर्वी घराच्या अंगणात एकदा स्टोव्ह जोडून, पेटवून व विझवून दाखविणे, एवढे केले तरी बहुतेक अपघात टळतील. रबरी कडे दर हंगामाच्या सुरुवातीस तपासून झिजले असल्यास बदलावे, आणि पावसात भिजलेला स्टोव्ह कोरडा करूनच ठेवून द्यावा. अशा रीतीने सांभाळलेला स्टोव्ह वर्षानुवर्षे साथ देतो, आणि ज्या कातळावर रात्रीचा स्वयंपाक झाला त्या कातळावर सकाळी त्याची काहीच खूण उरत नाही.